पाने टाकण्याची विद्या

महसूल खात्यात पस्तीस वर्षे कारकुनी करून, एकाच्या जमिनीचे तुकडे पाडून ते दुसऱ्याच्या नावावर चढविण्याच्या शासकीय उद्योगात ज्याचे आयुष्य सरले, त्या माझ्यासारख्या मनुष्याने वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी सातासमुद्रापलीकडे जाऊन, टेक्सास प्रांतातील ह्यूस्टन शहरी, खुद्द जावयाच्या घरी, समोर साक्षात व्याही बसलेले असताना पोकर नावाचा जुगार शिकावा, असे भविष्य माझ्या पत्रिकेत कोणत्याही ज्योतिष्याने वर्तविले नव्हते. आणि वर्तविले असते, तर त्या ज्योतिष्याची दक्षिणा मी कापून घेतली असती.

निमित्त नातवाचे. बाळंतपणाला माहेरची माणसे जातात ही आपली रीत. परंतु सासरच्या माणसांच्या व्हिसाची मुदत संपत आली असल्यामुळे तीही त्याच सुमारास आली, आणि त्यामुळे ऐन ऑगस्टात, बाहेर कोकणाला लाजवील असा दमट उकाडा चालू असताना, एका छपराखाली चार वृद्ध दोन महिन्यांसाठी स्थानबद्ध झाले. व्याही दादासाहेब हे नागपूरचे, बँकेच्या अधिकारपदावरून निवृत्त झालेले, मितभाषी आणि अत्यंत सुसंस्कृत गृहस्थ. प्रकृती, पाऊस आणि पेन्शन हे तीन विषय आम्ही पहिल्या पंधरवड्यातच खालसा केले. व्याह्यांशी भांडता येत नाही, आणि भांडण नसले की मराठी मनुष्याचा वेळ जात नाही; ही कुचंबणा ओळखून एका शुक्रवारी जावईबापूंनी पत्त्यांचा जोड मेजावर ठेवला. 'पैसे लावायचे नाहीत,' एवढी एकच अट विहीणबाईंनी घातली. तेव्हा कोठीतून राजमा आणि चवळी आणण्यात आली, दहा चवळ्यांचा एक राजमा असा विनिमयाचा दर ठरला, आणि प्रत्येकाला आठ राजमे व वीस चवळ्या असे शंभराचे भांडवल मिळाले. आमची मंडळी नातवाला मांडीवर घेऊन 'मी नाही त्यातली' अशा मुद्रेने पलीकडच्या खुर्चीवर बसली.

खेळाची घटना साधी आहे. प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात. ती त्याची खाजगी मिळकत, सातबाऱ्यावर त्याच्या एकट्याचे नाव. नंतर मेजाच्या मध्यभागी पाच पाने उताणी मांडली जातात, परंतु एकदम नव्हे: आधी तीन, त्यांना फ्लॉप म्हणतात; मग एक, त्याचे नाव टर्न; आणि शेवटी एक, त्याचे नाव रिव्हर. ही पाच पाने कोणाचीच नाहीत आणि सर्वांची आहेत. हे ऐकताच मी उद्गारलो, "म्हणजे गायरान!" जावईबापूंनी मान डोलावली, कारण गायरान म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हते. दादासाहेब मात्र सावकाश म्हणाले, "गायरान नव्हे, अण्णासाहेब. गायरानात ज्याची गुरे अधिक त्याचा लाभ अधिक. ही सामाईक विहीर आहे. पाणी सर्वांना सारखे; पीक मात्र ज्याच्या त्याच्या जमिनीप्रमाणे." ही उपमा माझ्या उपमेहून सरस होती, आणि महसूल खात्यातील मनुष्याच्या देखत ती बँकेतील मनुष्याला सुचली, याचे शल्य मला आजतागायत आहे.

पण सरस म्हणून ती मी येथे वापरणार. दोन खाजगी आणि पाच सामाईक अशा सात पानांतून उत्तम पाचांचा हात जुळवावयाचा, आणि पाने पडण्यापूर्वी एकदा व प्रत्येक हप्त्यानंतर एकदा अशा चार वेळा बोली लावावयाची, एवढाच हा व्यवहार. नवशिक्याची पहिली चूक विहिरीच्या काठीच होते. मध्ये दोन अठ्ठ्या पडल्या की त्याला हर्ष होतो, 'जोडी लागली' म्हणून तो राजमा पुढे सरकवतो. त्या अठ्ठ्या मेजावरील प्रत्येकाच्या मालकीच्या आहेत, शिवाय एखाद्याच्या घरात तिसरी अठ्ठी दडलेली असू शकते, हे त्याच्या गावी नसते. विहिरीला पाणी आले म्हणून पेढे वाटणाऱ्या शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या उसाकडे एकदा पाहून घ्यावे.

दुसरी अडचण आमच्या पूर्वसंस्कारांची होती. दिवाळीत, वडील माणसे निजल्यावर, तीन पत्ती आम्ही दोघांनीही खेळलेली होती, आणि तीन पत्तीत क्रमाने लागलेली पाने एकाच जातीच्या पानांवर मात करतात. पोकरमध्ये नेमके उलटे. मी मोठ्या डौलाने पंजीपासून नव्वीपर्यंतची ओळ मांडली आणि मुलीने पाच किलवर मांडून माझी ओळ मोडीत काढली. मला हा सरळ अन्याय वाटला. जावईबापूंनी खुलासा केला की जे दुर्मीळ ते श्रेष्ठ एवढाच दोन्हीकडचा कायदा: तीन पानांत क्रम दुर्मीळ, पाच पानांत एकजात दुर्मीळ. खुलासा पटला, राजमे परत मिळाले नाहीत.

या खेळाला टेक्सास होल्डेम असे नाव आहे, आणि ज्या राज्यात आम्ही बसलो होतो तेथेच, ह्यूस्टनहून मोटारीने तीन-साडेतीन तासांवरील रॉब्सटाऊन नावाच्या लहानशा गावी, विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा जन्म झाला, असे टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ साली रीतसर ठराव करून मान्य केलेले आहे. संतांच्या आणि कवींच्या जन्मगावांवरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद धुमसत राहतात. तेथे एका पत्त्यांच्या डावाचा जन्मदाखला विधिमंडळाने दिला. पुढे साठाच्या दशकात हा डाव लास व्हेगासला गेला आणि १९७० साली तेथील बिनियन्स हॉर्सशू या जुगारगृहात त्याच्या जागतिक स्पर्धेला आरंभ झाला. त्या पहिल्या वर्षी जॉनी मॉस हा विजेता चक्क खेळाडूंनी मते देऊन निवडला, हे ऐकून मला आपल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाच्या एके काळच्या निवडणुकांची आठवण झाली. स्पर्धेवाल्यांनी मात्र ती पद्धत एका वर्षात बंद करून, शेवटचा एक जण उरेपर्यंत खेळत राहण्याचा नियम केला. संमेलनासाठी ही सूचना मी करणार नाही.

आता विद्येकडे वळू. जावईबापूंनी पहिल्याच दिवशी सांगितलेले सूत्र असे की, नवशिक्याने दहांतून सात-आठ वेळा पाने पाहावीत आणि एक अक्षर न बोलता टाकून द्यावीत. बावन्न पानांतून दोन पाने १,३२६ प्रकारे येऊ शकतात. जात कोणती हा तपशील वगळून, केवळ एकजात की भिन्नजात एवढाच भेद ठेवला तर हे प्रकार १६९ उरतात. आणि त्यांतले बहुसंख्य कवडीमोलाचे असतात. हाती जोडी यावी असा योग सतरा डावांत एकदा, एक्क्यांची जोडी यावी असा योग २२१ डावांत एकदा. जोडी नसलेल्या दोन पानांपैकी एखाद्याला फ्लॉपमध्ये जोड मिळणे हे तीन वेळांत एकदाच घडते. सारांश, निसर्ग या खेळात कृपण आहे, आणि कृपण निसर्गाशी व्यवहार करताना शहाणा मनुष्य पेरणी कमी करतो.

हे सारे मला समजले. परंतु मला टाकवेना. यात बुद्धीचा दोष नव्हता, संगोपनाचा होता. ज्या घरात रॉकेलचे डबे धान्याला, धान्याचे डबे कुंड्यांना आणि फुटक्या कुंड्या अंगणातल्या खळग्यांत भर घालायला वापरल्या गेल्या; जेथे पुड्याच्या सुतळीचा गोल गुंडा करून तो कोनाड्यात ठेवला जाई आणि मागील वर्षाच्या दिनदर्शिकेची कोरी पाठ दुधाच्या हिशेबाला लागे; त्या घरात वाढलेल्या मनुष्याला हाती आलेली दोन गुळगुळीत, नवीकोरी, राजाराणीच्या चित्रांची पाने केवळ 'जुळत नाहीत' एवढ्या कारणावरून भिरकावून दे म्हणणे म्हणजे त्याला वडिलांच्या श्राद्धाला इडली खा म्हणण्यासारखे आहे. 'असू दे, उपयोगी पडेल,' हे आमच्या पिढीचे ब्रीदवाक्य. पोकरच्या मेजावर ते सर्वनाशाचे बीज ठरते. त्यातच कुतूहलाची भर: पुढचे पान काय पडते ते पाहू तर खरे, दोन चवळ्यांचा तर प्रश्न! दोन दोन चवळ्यांनी माझे पाच राजमे पहिल्या तासात गेले, आणि प्रत्येक वेळी मी फक्त पाहत होतो.

एकदा राजा आणि चौकी आली. राजा घरी आल्यावर त्याला हाकलून कसे द्यायचे? मी ठेवली. फ्लॉपमध्ये दुसरा राजा अवतरला, माझी राजांची जोडी झाली, आणि मी शेवटपर्यंत मुलीच्या बोलीला बोली देत गेलो. अखेर तिने राजा आणि राणी दाखविली. राजा दोघांचाही, निकाल दिवाणाने लागतो, आणि माझ्या राजाचा दिवाण चौकी होता. या दुय्यम पानाला ते किकर म्हणतात. मोठ्या पानासोबत क्षुद्र पान घेऊन खेळणे हा नवशिक्याचा सर्वात खर्चिक छंद होय. कारण जिंकला तर थोडके जिंकतो आणि हरला तर भरघोस हरतो. एकट्या मोठ्या नावावर विसंबून सोयरीक करू नये, असे जे जुनी माणसे म्हणत, ते मला टेक्सासमध्ये पटले. अर्थात हे मी व्याह्यांसमोर बोलून दाखविले नाही.

आता बैठकीच्या जागेचे महत्त्व. मेजावर डीलर नावाची एक चकती असते (आमच्याकडे बाळाच्या दुधाच्या डब्याचे झाकण होते) आणि प्रत्येक डावानंतर ती डावीकडे सरकते. चकतीच्या डावीकडील लगतच्या दोघांना पाने पाहण्याआधीच अनुक्रमे लहान आणि मोठी ब्लाइंड भरावी लागते. पीक येवो न येवो, सारा आधी भरा. ही पद्धत मला नव्याने शिकावी लागली नाही. परंतु खरी मेख पुढे आहे. फ्लॉप पडल्यानंतर चकतीच्या डावीकडचा आधी बोलतो आणि चकतीवाला सर्वांच्या शेवटी. आणि जो शेवटी बोलतो त्याला इतरांची बोली, इतरांचा संकोच, इतरांचा उत्साह सारे फुकट पाहावयास मिळते. म्हणून सामान्य पानेही चकतीवर बसून खेळावीत आणि बरी पानेही आरंभी बोलावे लागत असेल तर टाकावीत, असे शास्त्र आहे. ज्याने मुलीच्या लग्नाच्या याद्या केल्या आहेत त्याला हे शास्त्र समजावून सांगण्याची गरज नाही. वधूपक्ष आधी बोलतो, वरपक्ष शेवटी. दादासाहेब माझ्या डाव्या हाताला बसले होते, त्यामुळे बहुतेक डावांत मी बोलून झाल्यावर त्यांची पाळी येई. माझे बोलणे ऐकून ते किंचित स्मित करीत, चष्मा पुसत, आणि मग बोलत. सहा वर्षांपूर्वी बैठकीत त्यांनी असाच चष्मा पुसून "आमची दीडशेच माणसे" असे सांगितले होते. चारशे दहा पाने उठली.

गणिताचे प्रकरण मला वाटले तितके अवघड निघाले नाही. आपला हात पुरा करणारी पाने जोडात किती उरली ते मोजावे; दोन पाने पडावयाची असतील तर त्या संख्येला चाराने, एकच पडावयाचे असेल तर दोनाने गुणावे; येईल ती आपली शेकडेवारी. चार बदाम जुळले असतील तर नऊ बदाम बाहेर उरतात. फ्लॉपनंतर नव चोक छत्तीस, म्हणजे शंभरांत सुमारे छत्तीस वेळा. काटेकोर हिशेब पस्तिसाचा येतो, पण आणेवारीत एवढा फरक आम्ही नेहमीच चालवून घेत आलो. मग ही आशा आणि तिची किंमत यांची तुलना करावयाची. मध्ये नऊ राजमे पडलेले आहेत, मला राहावयाचे तर तीन भरावे लागतात, म्हणजे बाराच्या ढिगासाठी तीन, चारास एक. आणि एकच पान शिल्लक असल्याने बदाम येण्याचा संभव पाचास एक. सौदा महाग, पाने टाकावीत. मी तीन राजमे भरले. आणि बदाम आला! बारा राजमे ओढून घेताना मला जो आनंद झाला त्याची शिक्षा मी पुढे तीन आठवडे भोगली. कारण चुकीच्या कृत्याला मिळालेल्या बक्षिसाइतका वाईट शिक्षक दुसरा नाही. डॉइल ब्रन्सन नावाच्या थोर खेळाडूने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे जागतिक स्पर्धेचा शेवटचा डाव दश्शी-दुर्री या फाटक्या पानांवर जिंकला, आणि तेव्हापासून किती नवशिक्यांनी दश्शी-दुर्री उराशी धरून आपली मालमत्ता घालविली असेल! २००३ साली तर टेनेसीकडचा एक हिशेबनीस, आडनाव मनीमेकर, शंभर डॉलरांहून कमी प्रवेशशुल्काच्या पात्रता फेरीतून वर चढत ८३९ स्पर्धकांतून पहिला आला आणि पंचवीस लक्ष डॉलर घेऊन गेला. जगातील सर्व हिशेबनिसांनी त्या दिवशी वहीतून मान वर केली असणार. माझा बदाम त्याच जातीचा होता.

"ही विद्या मूळची आपलीच," असे दादासाहेब एके रात्री म्हणाले. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण रथात बसून कुंडिनपुरास चालला असता त्याने वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे नुसती नजर टाकून पानांची आणि फळांची संख्या सांगितली, सारथ्याच्या वेषातील नलाने उतरून ती मोजली, बरोबर निघाली, आणि मग अश्वहृदयाच्या मोबदल्यात नलाला अक्षहृदय मिळाले, ज्याच्या बळावर त्याने पुष्कराकडून राज्य परत जिंकले. "आणि हे सारे घडले विदर्भाच्या वाटेवर," असे ते सहजपणे जोडून गेले. मी साताऱ्याकडचा, मला उत्तर देता आले नाही. परंतु नंतर अंथरुणावर पडल्यापडल्या मला असे सुचले की, हीच कथा बृहदश्व ऋषींनी वनात धर्मराजाला सांगितली आणि ती संपवून त्याला अक्षविद्याही दिली. म्हणजे राज्य, भाऊ, स्वतः आणि पत्नी पणाला लावून हरल्यानंतर, वनवासात. आमच्या खात्यातही प्रशिक्षणाचा हुकूम निवृत्तीला महिना उरला की निघत असे. धर्मराजाला फाशांचे गणित येत नव्हते हे खरेच; पण त्याची मुख्य अडचण निराळी होती. त्याला आमंत्रण नाकारता येत नव्हते, आणि बसल्यावर उठता येत नव्हते. तो टाकणाऱ्यांतला नव्हता. मला त्या रात्री धर्मराजाविषयी फार जवळीक वाटली.

राहता राहिला ब्लफ, म्हणजे हाती काही नसताना पुष्कळ असल्याची बतावणी. लोक याला खोटेपणा म्हणतात. परंतु जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ साली खेळांचे गणित मांडले आणि १९४४ साली मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाच्या सहकार्याने लिहिलेल्या ग्रंथात पोकरला एक स्वतंत्र विभाग देऊन असे सिद्ध केले की, जो कधीच थाप मारीत नाही तो खरे बोलतो तेव्हाही त्याला कोणी पैसे देत नाही. शिवाय थाप मारावयाची ती मध्यम पानांवर नव्हे, अगदी टाकाऊ पानांवर. मध्यम पानांना स्वस्तात पाहू द्यावे. नवशिक्याने मात्र हे प्रकरण पुढच्या वर्षासाठी ठेवावे, विशेषतः ज्या मेजावर कोणी पाने टाकतच नाही तेथे. कारण जो टाकत नाही त्याला थाप मारणे म्हणजे बहिऱ्याला धमकी देणे होय. मी एकदा प्रयत्न केला. माझे कान लाल झाले आणि पलीकडच्या खुर्चीतून आमची मंडळी म्हणाली, "यांच्याकडे काही नाही हो." चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर केलेला हा एकमेव सार्वजनिक आरोप, आणि तो शाबीत झाला.

आता तो डाव. निघण्याच्या आदल्या शुक्रवारची रात्र. माझ्या हाती राणी आणि दश्शी. मध्ये इस्पिकची नव्वी, इस्पिकची चौकी, बदामची राणी. नंतर किलवरची दश्शी. माझ्या दोन जोड्या झाल्या, मी शिस्तीने बोली वाढवीत गेलो, बाकीचे गळाले, आणि आम्ही दोघे व्याही समोरासमोर उरलो. रिव्हरला पडली इस्पिकची दुर्री. मी चार राजमे ठेवले. दादासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि समोरची सारी रास, बावीस राजमे आणि सुट्या चवळ्या, दोन्ही तळहातांनी हळूच पुढे लोटून म्हणाले, "आमच्याकडे आहेत बरं का इस्पिक, अण्णासाहेब. उगाच आपलं नुकसान नको."

माझ्याजवळही तेवढेच राजमे होते. प्रश्न राजम्याचा नव्हता. ज्याच्या घरी आपली मुलगी नांदते त्या गृहस्थाने तोंडाने 'आहेत' असे सांगितल्यावर 'दाखवा' म्हणणे म्हणजे काय, याचा विचार नॉयमनने केलेला नाही. त्याला व्याही असले तरी मराठी नसावेत. जावईबापू छताकडे पाहू लागले. मुलीने माझ्याकडे पाहिले, मग सासऱ्यांकडे पाहिले, मग बाळ रडत नसताना उठून ते का रडते ते पाहायला गेली. दोन महिन्यांत जे मला एकदाही जमले नव्हते ते मी त्या क्षणी केले. राणी आणि दश्शी उचलली, पालथी केली आणि टाकली.

समोरच्याने डाव सोडल्यावर जिंकणाऱ्याने पाने दाखविण्याचे बंधन नसते. दादासाहेबांनी आपली दोन पाने जोडात मिसळली आणि जोड तीनदा पिसला.

शनिवारी सकाळी विहीणबाईंनी भांडवल परत कोठीत टाकण्याऐवजी आदल्या रात्रीच भिजत घातल्याचे उघडकीस आले, आणि दुपारी ज्या मेजावर दंगल झाली त्याच मेजावर राजमा वाढला गेला. मी दोन घास घेतले, पाणी प्यायलो, आणि शक्य तितक्या निर्विकार आवाजात विचारले, "दादासाहेब, काल आपल्याकडे इस्पिक खरोखरच होती का हो?"

"तेव्हा मोजून पाहायचं होतं, अण्णासाहेब," ते म्हणाले, चष्मा काढून पुसला, आणि वाटी पुढे करून त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले. त्या वाटीत माझ्या अंदाजाने चाळीसएक दाणे होते. त्यांपैकी निदान अठरा माझे.